टिटवीवरची पंगत

माझ्या भावाला जेवायला एक तास लागायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं.

मकरंद डुंबरे हे त्याचं नाव. नारायणगावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा म्हणून लोक त्याला ओळखायचे. घरात मात्र ख्याती एकच, वरणभाताचा एक घास हा माणूस असा चावायचा की समोरच्याला जांभई यावी. त्यात आमच्या घरची रीत अशी की पंगतीतला मोठा माणूस उठेपर्यंत कोणी उठायचं नाही. आपलं संपलं तरी ताटात एक घास शिल्लक ठेवायचा, म्हणजे मोठ्याला घाई केल्यासारखं वाटत नाही. तो 'अन्नदाता सुखी भव' म्हणाला की तो घास तोंडात टाकायचा आणि मग उठायचं. सगळ्यात धाकट्यानं ताटं उचलायची. दादाची लेक शाल्मली चार वर्षांची असल्यापासून तो शेवटचा घास बोटांनी कालवत, माझ्याकडे बघून डोळे फिरवत बसायची. "आत्या, फासे टाकून उठव ना बाबाला," म्हणायची.

फासे म्हणजे आमच्या खेळाचे. खेळाचं नाव 'लांबचा पल्ला'. मी नि दादानं शाळेत असताना तो कॅरम बोर्डाच्या पाठीवर चौकटी आखून बनवला होता. एक जण सूत्रधार, बाकीचे अंतराळयानावरचे प्रवासी. सूत्रधार सांगणार, "समोर ग्रह आहे, ढग जांभळे आहेत, उतरणार का?" प्रवासी ठरवणार, आणि ते जमेल की फसेल हे पितळी वाटीत खुळखुळवलेले फासे सांगणार. जिंकणं नाही, हरणं नाही, नुसतं पुढं जायचं. सूत्रधार कायम मी. आमचं गाव तमाशाच्या फडांचं, माणसाला गोष्टीत बसवून कसं ठेवायचं हे इथं पाण्यातूनच मिळतं.

यानाचं नाव होतं 'टिटवी'. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, अपशकुनी नाव!" दादा म्हणाला, "चोचीनं समुद्र आटवायला निघालेली ती एकटीच आहे काकू. या कामाला दुसरं कोण मिळणार?" त्याचं पात्र म्हणजे तात्या, टिटवीवरचा म्हातारा आचारी. सोंगटी म्हणून त्यानं शर्टाचं एक तपकिरी बटण ठेवलं होतं. शाल्मली मोठी झाली तशी खेळायला बसू लागली. तिचं पात्र चांदणी, वाट शोधणारी. जोडीतलं एक हरवल्यामुळे उरलेलं मोत्याचं कानातलं ही तिची सोंगटी. तिची आई ती दोन वर्षांची असतानाच गेली. मी लग्न केलं नाही (का, ते विचारायचं नाही). तेव्हा दर रविवारी सकाळी त्या बोर्डाभोवती आम्ही तिघं, एवढंच आमचं कुटुंब.

वहीच्या पहिल्या पानावर दादानं दोन नियम लिहून ठेवले होते. एक, जे होणारच आहे त्यासाठी फासे टाकायचे नाहीत. दोन, खेळाडू लागोपाठ तीन बैठका आला नाही तर त्याच्या पात्राला मानानं निरोप द्यायचा, सूत्रधारानं ती सोंगटी दामटत बसायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी दादा गेला. शेवटचे अकरा दिवस नाकातल्या नळीवर होता. एकदा त्यानं खुणेनं ताकभात मागितला. मी धावतपळत करून नेला. त्याला एक शीतही गिळवलं नाही. डबा होता तसा घरी आला. शाल्मली तेव्हा मोहिमेच्या प्रशिक्षणात होती, तिला तिथून बाहेर पडता येत नव्हतं. तिचा रोज फोन. "आत्या, बाबा जेवला का?" आणि मी रोज सांगायचे, "हो गं, पोटभर." धडधडीत खोटं. मी काय सांगणार होते तिला?

दादा गेल्यावरही मी रविवारी बोर्ड मांडत राहिले. एकटीच. तात्याच्या वतीनं मीच बोलायचे, मीच फासे टाकायचे. दुसरा नियम मी साफ मोडला होता.

*

शाल्मली खडकांची अभ्यासक. सेरेसवर निघालेल्या चौघांत तिचा नंबर लागला. मंगळाच्या पलीकडे दगडगोट्यांचा पट्टा आहे, त्यातला हा सगळ्यात मोठा गोळा, पोटात खारट बर्फ असलेला. जायला चौदा महिने. तेवढं अन्न-पाणी वाहून नेणं परवडत नाही, म्हणून माणसांना झोपवून न्यायचं. शरीर हळूहळू थंड करतात, हृदय मिनिटाला सहा-सात ठोक्यांवर येतं, आणि माणूस अस्वलासारखा पडून राहतो. शीतनिद्रा.

पण अस्वलाला जागं झाल्यावर पाढे म्हणून दाखवायचे नसतात. या झोपेत मेंदूतल्या पेशी एकमेकींना धरलेले हात सोडतात. थंडीत झोपणाऱ्या खारींमध्ये ते हात जागं झाल्यावर पुन्हा जुळतात. माणसांत सगळे जुळेनात. चाचणीसाठी झोपवलेला एक जण उठला तो पोहायला विसरून. दुसऱ्यानं बायकोला "आपण कोण?" विचारलं.

हा गुंता डॉक्टर समीर बागवान यांनी सोडवला. आमच्या गावाबाहेरच्या टेकडीवर मोहिमेचं संदेश केंद्र आहे, तिथं ते झोपेचे डॉक्टर. त्यांनी मला सोप्या भाषेत सांगितलं.

"केतकीताई, शेतातली पायवाट बघा. माणसं चालत राहिली तर राहते, नाहीतर गवत चढतं. आम्ही दर वीस दिवसांनी झोपलेल्याला दोन तास थोडी ऊब देतो. मेंदू स्वप्नापर्यंत वर येतो. तेव्हा त्याला पायवाटांवरून फिरवून आणायचं."

"मग गाणी लावा की."

"लावली. आठवणी वाचून दाखवल्या. यंत्राकडून छान छान गोष्टी सांगवल्या. दहा मिनिटांत आलेख सपाट. नुसतं ऐकणारा माणूस झोपेत आणखी झोपतो. त्याला काहीतरी ठरवावं लागलं, इकडे जाऊ की तिकडे, तरच सगळ्या वाटा जाग्या होतात. आणि सांगणारा आवाज घरचा लागतो." मग म्हणाले, "शाल्मलीनं अर्जात लिहिलंय, तुम्ही एक खेळ खेळता म्हणून."

झालं! वयाच्या साठाव्या वर्षी मला सरकारी नोकरी लागली. दर वीस दिवसांनी सकाळी दहाला टेकडीवर जायचं. मी कॅरम बोर्ड घरूनच नेला. काचेच्या खोलीत तो मांडायचा, वाटीत फासे खुळखुळवायचे, की शाल्मलीच्या कानात तो आवाज पोचून तिला कळायचं, रविवार झाला. मी सांगायचे, आणि शेवटी विचारायचे, डावीकडे की उजवीकडे? तिच्या डोक्यावरची टोपी मेंदूतला कौल ओळखून परत पाठवायची. सुरुवातीला उत्तर चहा गार व्हायच्या आत यायचं. यान लांब गेलं तशी वाट बघणं वाढलं. शेवटी शेवटी शब्द जायला बावीस मिनिटं आणि उत्तर यायला बावीस. बोलायचं आणि डोंगराकडे बघत बसायचं.

काय काय पाहिलं आम्ही दोघींनी! जिथं बर्फ खालून वर पडतो असं एक पठार. किनारा नसलेला समुद्र, त्यात टिटवी पाय दुमडून तरंगत राहिली. आणि माझा सगळ्यात लाडका, आवाज उशिरा पोचणारा ग्रह. तिथली हवा एवढी जड की आज केलेला आवाज उद्या ऐकू येतो. चांदणी तिथं उतरली, हसली, आणि काहीच ऐकू आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती गवतात निजली असताना तिचं कालचं हसणं टेकडीवरून चालत आलं. डॉक्टर काचेपलीकडे आलेख बघायचे, गोष्ट ऐकायचे नाहीत. ऐकली की झोप येते म्हणे.

तिसऱ्या बैठकीला तिचा आलेख खाली यायला लागला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मी घाबरले, आणि हात आपोआप डबीतल्या बटणाकडे गेला. "तेवढ्यात भटारखान्यातून तात्याचा आवाज आला," मी म्हणाले, "'चांदणे, पिठलं गार होतंय!'" आलेख ताडकन उभा राहिला.

"हे काय केलंत तुम्ही?" डॉक्टर म्हणाले. "जे केलंत ते करत राहा."

मग काय, तात्या टिटवीवर राहायलाच आला. खरं सांगू? शाल्मलीसाठी आणला होता, पण जीव माझा रमला. दर वीस दिवसांनी दोन तास माझा दादा जिवंत असायचा.

*

शेवटची, एकविसावी बैठक नेमकी दादाच्या तिथीला आली. सकाळी घरी त्याच्या नावानं पान वाढून मी टेकडीवर गेले. केंद्राचा नियम साधा होता. शेवटच्या बैठकीत यान सुखरूप उतरवायचं आणि सगळ्या पात्रांना निरोप द्यायचा, म्हणजे झोपलेल्याला बाहेर यायची वाट मोकळी होते.

मी टिटवी आवाज उशिरा पोचणाऱ्या ग्रहावर उतरवली. छान उतरली. मग म्हटलं, निरोपाआधी एकदा जेवू तरी. काचेच्या घुमटाखाली पंगत मांडली. बाहेर गवत हलत होतं, त्याची सळसळ उद्या येणार होती. तात्याला पहिल्या पाटावर बसवलं. वरणभात, भोपळ्याची भाजी, लसणाची चटणी. तो आपला रमतगमत जेवतोय, आणि भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला तीन मिनिटं. आता त्याला उठवायचं, दाराशी न्यायचं, आणि म्हणायचं, तात्या गेला. माझी जीभ वळेना. "तात्या जेवतोय," मी म्हणाले, "सावकाश जेवतोय," आणि वेळ संपली.

डॉक्टरांच्या कागदावर प्रश्न होता, 'सर्व पात्रं सुरक्षित ठिकाणी आहेत का?' मी 'होय' लिहून दिलं. जेवणाच्या पाटाहून सुरक्षित जागा कोणती?

पाच दिवसांनी यान सेरेसला पोचलं. चौघांना ऊब दिली. तिघं उठले, पाणी प्यायले, एकमेकांची नावं घेतली. शाल्मली उठली नाही.

केंद्रानं मला बोलावलं तेव्हा एकेचाळीस तास झाले होते. डॉक्टरांनी दाढीसुद्धा केलेली नव्हती.

"शरीर पूर्ण तापलंय," ते म्हणाले. "मेंदू स्वप्नातच आहे. शांत, एकदम खुशीत. बाहेर यायला त्याला कारणच दिसत नाही. आम्ही नावानं हाका मारल्या, भोंगा वाजवला, कॅप्टननं गदागदा हलवलं. तुमच्या आवाजाची नक्कल करून यंत्राकडून सांगवलं की खेळ संपला. ढिम्म."

"असं किती वेळ चालतं?"

"साठ तास. त्यापुढे वाटा बुजायला लागतात. मग डोळे उघडले तरी ती आपली शाल्मली असेल असं सांगता येत नाही. आणि पुन्हा थंड करायचं औषध परतीच्या प्रवासापुरतंच आहे."

माझी पोर! तिला मी स्वतःच्या हातानं तिथं बसवून आले होते की काय? मी म्हटलं, "मला ती दिसू दे."

पडद्यावर बावीस मिनिटांपूर्वीची शाल्मली आली. डोळे मिटलेले, चेहरा तृप्त. डावा हात मांडीवर. उजव्या हाताची बोटं मात्र हलत होती, अंगठा चारही बोटांवरून गोल गोल.

"हे आकडीसारखं वाटतं," डॉक्टर म्हणाले, "पण तपासण्यांत आकडी नाही. सतत चालूय."

मी ते बघितलं आणि मला रडूच फुटलं. आकडी कसली! पोरगी घास कालवत होती. तिचं जेवण कधीच संपलं होतं. शेवटचा घास ताटात ठेवून ती बाबा उठायची वाट बघत होती. आणि भोंगे काय वाजवताय? आमच्या घरात जेवताना कोणी बाहेरून हाक मारली तर एकच उत्तर मिळतं, "जेवतेय!"

"डॉक्टर, चूक माझी आहे," मी म्हणाले. "मी पंगत अर्धवट सोडली." आणि मग सगळं सांगून टाकलं. तात्या कोण, तो पाटावर का बसून राहिला, मी कागदावर 'होय' का लिहिलं.

ते ओरडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "आमच्याकडेही अब्बा दस्तरखानावरून उठेपर्यंत कुणाची हिंमत नसायची हो. मी गोष्ट ऐकली असती तर त्याच दिवशी तुम्हाला टोकलं असतं." मग म्हणाले, "उठवा त्यांना, ताई."

"तुम्हाला सोपं वाटतं? तीन वर्षं झाली, मला जमलेलं नाही."

"शाल्मलीकडे एकोणीस तास आहेत," ते म्हणाले.

*

मी बोर्ड मांडला. बटण पहिल्या पाटावर, कानातलं त्याच्या शेजारी. वाटीत फासे खुळखुळवले. या वेळी डॉक्टर काचेच्या अलीकडे, माझ्या शेजारी येऊन बसले.

"चांदणे," मी म्हणाले, "टिटवीवर दुपार कलली आहे. घुमटातून तिरपं ऊन आत आलंय, ताटांच्या कडा चमकतायत. तात्याचा वरणभात संपला. त्यानं ताटातली चटणी बोटानं निपटली. मग हाक दिली, 'केते, ताकभात आहे का गं?'"

दादा मला केते म्हणायचा. टिटवीवर केतकी नावाचं कोणी नव्हतं कधी, पण आता होतं.

"आहे की. मी डबा उघडला. भात अजून मऊ आहे, ताकाला हिंगाची फोडणी आहे. त्याच्या ताटात वाढला. तात्यानं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. घशाखाली उतरला, चांदणे, अगदी सहज उतरला. दुसरा घास. तिसरा. घाई नाही. बाहेर गवत हलतंय. कालची सळसळ आत्ता कुठं आत येतेय, ती ऐकत तो जेवतोय. त्यानं मीठ मागितलं. मी दिलं. तो म्हणाला, 'झकास झालाय.' डबा रिकामा झाला. त्यानं भांडं उचललं, वरून पाणी प्यायला."

माझा हात सवयीनं वाटीकडे गेला. फासे मुठीत घेतले. वाटलं, टाकून बघू, कमी पडले तर बसेल अजून थोडा. कोणाला कळणार होतं? डॉक्टर माझ्या मुठीकडे बघत होते. मी फासे बोर्डावर अलगद ठेवून दिले.

"जेवून उठायला फासे लागत नाहीत," मी म्हणाले. "तात्यानं हात जोडले. म्हणाला, अन्नदाता सुखी भव."

मग नाक पुसलं आणि पुढं सांगितलं. "तो उठला. हात धुतले, खांद्यावरच्या पंच्याला पुसले. जाताना चांदणीच्या डोक्यावर हात ठेवला, ओला होता थोडा. दार उघडून बाहेर पडला. गवतातून चाललाय, पाठमोरा. पावलं वाजत नाहीयेत. तो आवाज उद्या येईल. चांदणे, डावीकडे दार आहे, तात्या गेला ते. उजवीकडे ताटं आहेत. पंगत उठली. ताटं कोण उचलणार?"

मी बटण बोर्डावरून काढून हातात धरलं.

चव्वेचाळीस मिनिटं. डॉक्टरांनी चहा मागवला, दोघांनीही घेतला नाही. मी मनात एकच घोकत होते की डावीकडे नको, बाई, डावीकडे नको. तिला तिच्या बाबाच्या मागं जावंसं वाटलं तर मी कोणत्या तोंडानं अडवणार होते? मीच तीन वर्षं त्याच्या मागं फिरत होते.

पडद्यावर बोटं फिरत होती, गोल, गोल. मग थांबली. पाचही एकत्र आली. हात हळूच उचलला गेला, ओठांपर्यंत गेला. जबडा हलला. तिनं घास खाल्ला.

यंत्रावर कौल उमटला, उजवीकडे.

"या अल्लाह," डॉक्टर पुटपुटले. पापण्या थरथरल्या. कॅप्टनचा हात तिच्या मानेखाली गेला. शाल्मलीनं डोळे उघडले, वर बघितलं, आणि कोरड्या घशानं काहीतरी म्हणाली. कॅप्टननं पाणी पाजून तिला ध्वनिग्राहकाजवळ आणलं.

"आत्या," ती म्हणाली. खोकली. "आत्या, बाबा आज खरंच जेवला गं."

खरंच म्हणाली. म्हणजे पोरीला तेव्हाही सगळं कळत होतं. रोज फोन करून माझं खोटं ऐकून घेत होती, मला बरं वाटावं म्हणून! मी टेबलावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. डॉक्टरांनी तिला नाव विचारलं, गाव विचारलं, सतराचा पाढा म्हणायला लावला. चव्वेचाळीस मिनिटांनी तिची उत्तरं एकामागून एक येत राहिली, सगळी बरोबर.

दुपारी तीनच्या सुमारास मी घरी आले. वहीत तात्याच्या नावापुढे 'मानानं निरोप' असं लिहून तारीख घातली. बटण डबीत ठेवून झाकण लावलं. मग स्वयंपाकघरात गेले, ताकभात कालवला आणि जेवायला बसले. माझं जेवण पंधरा मिनिटांत संपलं. मी 'अन्नदाता सुखी भव' म्हणाले आणि माझं ताट मीच उचललं.